फेटिया, कांचळी आणि राणीचे नाणे

होळीच्या दिवसांत डफाच्या ठेक्यावर लेंगी गात, फेर धरून नाचणाऱ्या लमाण स्त्रिया ज्या घराने आपल्या अंगणात पाहिल्या नाहीत, त्या घराने या गोदाकाठी स्वतःला जुने म्हणवून घेऊ नये. बासर, मुधोळ, भैंसा, कुभीर, तानूर या पट्ट्यातील आपल्या आज्या-पणज्यांनी हा नाच पाहिला, नाचणाऱ्यांच्या ओंजळीत ज्वारी नाहीतर पैसे घातले, आणि ‘लमाणणींचा नाच’ एवढ्या दोन शब्दांत तो विषय मिटवून टाकला. त्या स्त्रियांच्या अंगावर जे झळकत होते ते कोणी शिवले, किती वर्षे शिवले, कापड कोठले, आरसे कोठले, हे विचारावेसे कोणास वाटले नाही. आपल्या घराण्यांनी वतनांची कागदपत्रे जपली, वंशावळी उतरवून काढल्या. अंगणात येऊन नाचून गेलेल्या बाईच्या घागऱ्याची नोंद कोण कशाला ठेवील?

प्रस्तुत लेखात आम्ही त्या एका वस्तूपुरतेच बोलणार आहोत: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या उतरत्या काळात, लमाण स्त्रीने स्वतःच्या हाताने घडवलेला आणि सणाच्या फेरात मिरवलेला पेहराव. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. ‘बंजारा’, ‘लमाण’, ‘लभाण’ आणि तेलुगू भाषकांच्या तोंडी असलेला ‘लंबाडा’ ही एकाच समाजाची नावे आहेत; मराठवाड्यातील वंजारी समाज हा निराळा. नामसाम्यामुळे आपल्याकडे ही गल्लत फार होते. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि मिठाच्या गोणी बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणाऱ्यांना तो शोभतोही.

पेहरावाचे मुख्य भाग तीन. कमरेखाली ‘फेटिया’, म्हणजे भरपूर घेराचा घागरा. त्याचा कमरेचा पट्टा दाट भरतकामाचा, मधला घेर लाल किंवा निळ्या कापडाचा, आणि खाली पुन्हा वेगळ्या रंगाची रुंद किनार. वर ‘कांचळी’. ही आपल्या चोळीसारखी नव्हे. तिची पाठ उघडी असते आणि ती मागे बंदांनी बांधतात. पुढे छातीवरचे भाग, खाली पोटावर उतरणारी ‘पेटी’ आणि बाह्या, असे तिचे तुकडे वेगवेगळे भरून मग जोडलेले असतात. डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी, आणि तिच्या कपाळाकडील काठाला जोडलेला ‘घुंगटो’, म्हणजे कवड्या, आरसे नि नाणी लावलेला पट्टा. याखेरीज अलंकार. कानशिलांवर केसांत गुंफून सोडलेली चांदीची घुगरी-टोपली, गळ्यात हासळी, दंडापासून मनगटापर्यंत हस्तिदंती किंवा हाडाचे चुडे, पायांत वाळे. घुगरी आणि दंडावरचा चुडा ही सवाष्णीची खूण; नवरा गेला की ती उतरत असे. मणी-मंगळसूत्राच्या बाबतीत आपल्याकडे जी रीत, तीच ही.

सगळ्या लमाणांचा पेहराव एकसारखा नसे. वऱ्हाडात वाशीम येथे पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज याने १८८२ साली या समाजावर एक छोटे पुस्तक छापले, त्यात मथुरिया, लभाण, चारण आणि धारी अशा चार शाखा दिल्या आहेत. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही आपल्या नित्य परिचयाची आडनावे चारणांची. मथुरिया आपले मूळ मथुरेस सांगतात. त्यांच्या स्त्रियांचा पेहराव आणि भरतकाम चारणांपेक्षा निराळे. आदिलाबाद आणि नांदेड भागांत मथुरियांचे तांडे आहेत. पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवायची कवड्यांनी मढवलेली चुंबळ, म्हणजे ‘इंढोणी’, आणि तिच्यामागे लोंबणारा भरलेला पदर हे त्यांचे खास लेणे. चारण स्त्रिया पूर्वी डोक्यावर लाकडी शिंग उभे करून त्यावरून ओढणी घेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात असे शिंग धारण केलेल्या बंजारा स्त्रियांचे छायाचित्रच दिले आहे. छायाचित्र अर्थातच कृष्णधवल. पेहरावाचे सर्वस्व जे रंग, तेच त्यात नाहीत.

आता हातकामाविषयी. जुना फेटिया उलटा करून आतील बाजू पाहिली तर त्याची घडण कळते. जीर्ण कापडाचे थर एकावर एक ठेवून ते बारीक धावदोऱ्याने शिवून घेतलेले असतात. आपल्या वाकळेची जी रीत, तीच. त्या जाड बैठकीवर मग चौकटी आखून, कापडाचे धागे मोजून टाके घातलेले. छाप नाही, कागदावरचा नमुना नाही. मुलगी आईच्या शेजारी बसून मोजणी शिके, आणि मोजणी हातात बसली की नक्षी आपोआप येई. कर्नाटकात संडूर येथील लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या निमित्ताने चौदा टाक्यांची नावे नोंदली गेली: किलन, वेले, बक्या, माकी, सूर्यकांती माकी, कांस, तेरा डोरा, कौडी, रेलो, गाद्री, भुरिया, पोटे, जोल्या, नाक्रा. आपल्याकडील तांड्यांत यांपैकी काही टाके निराळ्या नावांनी ओळखले जातात. गोरबोलीला स्वतःची लिपी नसल्याने ही नावे तोंडातोंडीच राहिली.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावयास हवी, कारण वस्तूचे वय ठरवताना तीच सर्वांत जास्त घोटाळा करते. घेराचे कापड विरे, किनार मातीत घासून फाटे. पण भरलेला पट्टा सहसा फाटत नसे. तो उसवून नव्या घेराला लावीत. आईच्या कांचळीची पेटी लेकीच्या कांचळीत जाई. म्हणजे एकाच पेहरावात एक तुकडा आजीच्या हातचा, एक आईच्या हातचा आणि उरलेले नातीने पूर्ण केलेले, असे घडे. ‘हा १८९० चा फेटिया’ असे कोणी सांगितले, की कोणता भाग, असे उलट विचारावे.

मग काळ ठरवायचा कसा? रंग थोडे सांगतात. लाल रंगासाठी वऱ्हाड-खानदेशात आलाच्या मुळ्या वापरीत, निळ्यासाठी नीळ. मंजिष्ठेच्या मुळातले रंगद्रव्य, अलिझरीन, जर्मन रसायनज्ञांनी १८६८ च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केले आणि पुढील दोन-तीन दशकांत आलाची शेती बसली. भडक किरमिजी-जांभळा कृत्रिम रंग तर त्याच्याही आधी, १८५६ ते १८५९ या काळात, निघालेला. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ साली. तेव्हा भरतकामात भडक किरमिजी धागा दिसला, तर निदान तो टाका १८६० नंतरचा हे नक्की. आरसेही बोलतात. फुगवलेल्या काचेच्या गोळ्याला आतून शिशाचा मुलामा देऊन मग फोडून केलेली जुनी भिंगे किंचित बाकदार, कडेला ओबडधोबड नि छटेने काळसर असतात. गुजरातेत कपडवंज हे गाव अशा काचेसाठी नावाजलेले होते. सपाट, एकसारखे, लख्ख गोल आरसे यंत्रयुगातले.

सर्वांत बोलके म्हणजे नाणे. घुंगट्याच्या काठाला आणि कांचळीवर भोक पाडून शिवलेल्या चवल्या-पावल्यांवर राणीचा मुखवटा असतो. इंग्रजी अमलातील नाण्यांवर १८७६ पर्यंत तिच्या नावापुढे ‘राणी’ असे लिहीत. १८७७ च्या आरंभी दिल्लीदरबारात तिचे सम्राज्ञीपद जाहीर झाले आणि तेव्हापासून नाण्यांवर ‘सम्राज्ञी’ आले. तेव्हा नाण्यावर सम्राज्ञी असेल, तर ते लावले १८७७ नंतर. मात्र या पुराव्याची दुसरी बाजू वाचकांनी लक्षात घ्यावी. नाणे ‘याच्या आधीचे नव्हे’ एवढेच सांगते, ‘याच्या नंतरचे नव्हे’ असे सांगत नाही. १९४० साली सरकारने रुपयातील चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली, तेव्हा लोकांनी जुनी शुद्ध चांदीची नाणी मोडीसाठी नि दागिन्यांसाठी साठवून ठेवली. म्हणजे राणीची चवली १९४५ सालच्या कांचळीवरही असू शकते. विक्रेते हे सांगत नाहीत, हे ओघानेच आले.

आणि आपल्या मुलखापुरते याला आणखी एक अंग आहे. हा सगळा प्रदेश तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यात होता. येथील नाणे हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला आपले लोक ‘कलदार’ म्हणत आणि दोहोंच्या भावात फरक असे. चारमिनाराचे चित्र असलेली हैदराबादी नाणी विसाव्या शतकाच्या आरंभीची. मग तांड्यातल्या बाईच्या कपाळावर हाली सिक्का सोडून राणीचे नाणे का? आमचे मत असे, की तिच्या घरचा पैसा राज्याच्या सीमेपलीकडून येत होता, वऱ्हाडच्या कापसातून आणि कोकणच्या मिठातून. ज्या राणीच्या आगगाडीने तांड्याचा धंदा बसवला, तिचाच मुखवटा त्या बाईने कपाळावर लावला होता. तिला त्याची चांदी हवी होती. मुखवटा कोणाचा आहे याच्याशी तिला काय कर्तव्य?

धंदा कसा होता हे थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर या पेहरावातील एकेक वस्तू कोठून जमली ते कळणार नाही. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ला झाली. त्या मोहिमेत वेलस्ली फौजेच्या धान्यासाठी बंजाऱ्यांवर अवलंबून होता आणि त्यांच्या नायकांची मनधरणी करीत होता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. असा फिरता बाजार ज्यांच्या दारात, त्यांच्या स्त्रियांना मालदीव बेटांतील समुद्रातून निघालेल्या कवड्या, काच, रंगीत सूत, पितळी घुंगरे हे सगळे घरबसल्या मिळे. किंबहुना घरच चालते असल्याने ते घरात येई. शेतकरी कुणबिणीच्या लुगड्यात कवडी नाही आणि लमाणणीच्या पेहरावात आहे, याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा रस्त्यांत शोधावे.

तांड्यापुढे चालणाऱ्या एका बैलावर कधी ओझे लादीत नसत. त्याला ‘हातडिया’ म्हणत आणि तो बालाजीला वाहिलेला असे. लाल रेशमी झालरी, घुंगरे, पितळी साखळ्या आणि कवड्यांच्या माळा यांनी तो मढवलेला असल्याचे वर्णन जुन्या ग्रंथांत आहे. ती झूल आणि स्त्रीचा घुंगटो यांचे साहित्य एकच. पाश्चात्त्य लेखकांना याची गंमत वाटली असावी. आम्हांस यात एका हाताचे काम दिसते. गोणपाट शिवणारी, बैलाची झूल भरणारी, लेकीच्या लग्नाची कोथळी नि कांचळी करणारी बाई एकच होती, आणि सुईही बहुधा तीच.

आता एक प्रश्न, जो आजवर फारसा विचारला गेलेला नाही. हा पेहराव किती जुना? समाजातील वडीलधारे तो अनादी मानतात. राजस्थानातून निघतानाच तो सोबत आणला असे सांगतात. परंतु सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणाऱ्या चार जमातींचे जे वर्णन केले आहे, त्यातील स्त्रियांच्या कमरेला पांढरे किंवा रंगीत साधे कापड पाच-सहा वेढे घेऊन गुंडाळलेले आहे. आणि कमरेवर, तो म्हणतो, अंगावर फुले गोंदवून मुळ्यांच्या रसाने त्यांत असे रंग भरलेले, की त्वचाच फुलांच्या कापडाची वाटावी. आरशांचा, कवड्यांचा, भरलेल्या कांचळीचा उल्लेख नाही. परदेशी प्रवाशाने न पाहिले म्हणजे नव्हतेच असे ठरत नाही, हे खरे. शिवाय त्याने पाहिलेली शाखा कोणती, हेही आहेच. तरी एवढा डोळ्यांत भरणारा पेहराव एका जवाहिऱ्याच्या नजरेतून सुटला असेल, हे मानणे जड जाते. आमचा कल असा, की गोंदणातली नक्षी पुढे कापडावर उतरली आणि आज आपण ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतो तो भरगच्च पेहराव अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, दख्खनच्या रस्त्यांवर, आकाराला आला. असे म्हटल्याने त्याचा मान कमी होतो असे आम्हांस वाटत नाही. उलट तो मग कोण्या दूरच्या मूळ देशातून आणलेला राहत नाही. आपल्याच मातीत, कदाचित आपल्याच शिवारात, घडलेला ठरतो.

ज्या काळाचा हा पेहराव आपण पाहत आहोत तोच काळ तांड्यांच्या मोडतोडीचा. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला बैल नको झाले. १८७४ साली वाडी-सिकंदराबाद फाटा सुरू झाला. मनमाडहून औरंगाबाद, नांदेड, बासर, निजामाबाद करीत हैदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरमापी मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला. बासरजवळचा गोदावरीवरील पूल हे त्याचेच काम. याच दोन वर्षांत, १८९९ आणि १९०० मध्ये, छप्पन्याचा दुष्काळ पडला आणि मराठवाड्यात गुरे मोठ्या संख्येने मेली. बैल गेला, रस्ताही गेला. भांग्या भुक्या यांनी निजामी राजवटीतील लंबाडा समाजाचा इतिहास २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात फिरता व्यापारी हळूहळू गुरे राखणारा, शेतमजूर आणि कुळ कसा झाला, त्याच्यावर गुन्हेगारीचा शिक्का कसा बसला, हे सविस्तर आले आहे.

या ठिकाणी आपल्या घराण्यांचा संबंध येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. बैल विकलेला नायक गावाच्या शिवाराबाहेर झोपड्या टाकून बसला तो कोणाच्या जमिनीलगत? सालगडी राहिला तो कोणाकडे? चांदीच्या हासळ्या नि वाळे गहाण पडले ते कोणाच्या तिजोरीत? देशमुख, देशपांडे, पटवारी, सावकार ही आपल्याच माणसांची कामे होती. त्यांत मारवाडी आणि कोमटी सावकारही होते, हे सांगून आपला वाटा शून्य होत नाही. गहाण पडलेली चांदी बहुतेक आटवली गेली. आज जुन्या फेटियाबरोबर त्याचे मूळ दागिने क्वचित मिळतात ते यामुळे. कापडाला मात्र सावकाराच्या लेखी किंमत नव्हती, म्हणून कापड राहिले.

बाहेरच्या जगात नेमक्या याच वर्षांत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. स्टॉकहोममध्ये आर्टुर हाझेलियुसने १८९१ साली स्कान्सेन हे खुले संग्रहालय उघडले; खेड्यांतून नाहीशी होत चाललेली घरे, पेहराव, नाच तेथे शहरी लोकांपुढे मांडले. इंग्लंडात सेसिल शार्पने १८९९ च्या नाताळात, २६ डिसेंबरला, ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनच्या नर्तकांचा मॉरिस नाच पाहिला, आणि त्यातून तिकडची लोकनृत्याची चळवळ उभी राहिली. युरोपात ‘लोकनृत्याचा पोशाख’ ही कल्पना अशी आली: रोज कोणी घालत नाही, नाचापुरता अंगावर चढवायचा तो कपडा. बऱ्याच ठिकाणी तो पुस्तकातील चित्रे पाहून नव्याने शिवलेला. तेव्हा आपल्या लमाणणीच्या पेहरावाला १८९९ साली ‘नृत्याचा पोशाख’ म्हणणे चूक झाले असते. ती तो घालून बैल हाकी, सरपण आणी, दळण दळी आणि होळीला त्याच पेहरावात, फार तर पेटीतला नवा भरलेला जोड काढून, नाचे. श्रावणातल्या तीजेला टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवून कुमारिका नवव्या दिवशी ते पाण्यात सोडीत, तेव्हाचा फेर त्याच कपड्यांत. दिवाळीच्या रात्री दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागायला मुली निघत त्याही तशाच.

शिवाय या नाचात पेहराव हेच एक वाद्य आहे. फेरात स्त्रिया एकदम कमरेत वाकतात, टाळी देतात, उठतात आणि अर्धे वळतात. वाकताना घुंगट्याची नाणी एकमेकांवर आपटतात, टाळी देताना चुडे वाजतात, वळताना फेटियाची जड किनार जरा उशिराने फिरते आणि पावलांतले वाळे सम देतात. हलके, रेशमी कापड घालून हा नाच केला तर निम्मा ठेका हरवतो. शाळांच्या स्नेहसंमेलनात भाड्याने आणलेल्या चमकीच्या घागऱ्यांत तो कसा दिसतो, ते आपण पाहतोच. उघड्या पाठीच्या कांचळीची आपल्या लोकांनी पुष्कळ चेष्टा केली. पण उन्हातान्हात चालणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या आणि कमरेत वाकून नाचणाऱ्या बाईला दंड नि पाठ मोकळी लागते, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

नाचापुरता पोशाख तो पुढे झाला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तांड्यांतील तरुण स्त्रियांनी साडी घेतली. कारणे अनेक. भरतकामाला वेळ नाही, धुण्याला कठीण, सूत महाग, आणि बाजारात लोक टक लावून पाहतात ते वेगळेच. शाळेत जाणाऱ्या मुलीला आईचा पेहराव लाजिरवाणा वाटावा अशी बोलणी तिला ऐकवली गेली. कोणी ऐकवली, हे पुन्हा आपण जाणतो. आज एखादी वृद्धा भैंसा-मुधोळच्या आठवडी बाजारात संपूर्ण पेहरावात दिसते, तिची सून साडीत आणि नात पंजाबी पोशाखात असते. तीजेला मात्र तिघीही फेटिया घालतात.

दरम्यान सरहद्दीही हलल्या. मुधोळ तालुका, म्हणजे बासरही, निजामी काळी नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला, आणि आदिलाबादचे किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपल्यासारखी घरे एका रात्रीत परप्रांतीय झाली. तांड्यांचेही तेच झाले, पण त्यांच्या बाबतीत परिणाम निराळा. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातींत आले. पलीकडे महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत राहिला. त्यामुळे नदीच्या अलीकडे-पलीकडे एकाच कुळातील दोन भावांचे दाखले निरनिराळे; महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे इकडे आली, आणि जमिनीवरून गोंडांशी तेढ वाढली. हायमेंडॉर्फने १९८२ च्या आपल्या पुस्तकात हे गोंडांच्या बाजूने मांडले आहे. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पेहरावापुरते एवढेच, की त्याने ही रेषा कधीच मानली नाही. किनवटच्या मथुरिया बाईची इंढोणी आणि बोथच्या मथुरिया बाईची इंढोणी यांतला फरक सांगा म्हटले तर सरकारी नकाशा घेऊन बसलेल्याला तो सांगता येणार नाही.

जुन्या कापडाचे पुढे काय झाले? १९७० नंतर गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात परदेशी पर्यटक येऊ लागले, आणि कर्नाटकातून गेलेल्या लमाण स्त्रिया तेथे आपले भरतकाम विकू लागल्या. मागणी वाढली तसे दलाल तांड्यातांड्यांतून फिरले. स्टीलची भांडी किंवा नवी साडी देऊन जुने फेटिये, कांचळ्या, इंढोण्या नेल्या. अखंड वस्तू खपायला कठीण म्हणून कापून त्यांच्या पिशव्या, अभ्रे, भिंतीवर लावायचे पडदे केले. आज ‘बंजारा काम’ म्हणून शहरातल्या दुकानांत जे लटकते त्यातला एखादा चौकोन कोण्या चंपाबाई-धर्मीबाईच्या लग्नातल्या कमरपट्ट्याचा असतो. काही अखंड वस्तू देशोदेशींच्या संग्रहांत गेल्या. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉफ्लिन यांनी बंजारा वस्त्रांवर २०१६ साली काढलेल्या सचित्र ग्रंथात किती प्रकारचे काम एका समाजात होते ते दिसते. अशा संग्रहांतील चिठ्ठीवर ‘बंजारा, दख्खन, एकोणिसाव्या शतकाची अखेर’ एवढेच असते. विकणाऱ्याचे नाव सापडते, विकत घेणाऱ्याचे सापडते, करणारीचे नाही.

अगदी अलीकडची हकीकत आशादायक आहे, जरी तिच्यात समारंभाचा भाग बराच आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-ट्वेंटी परिषदेच्या निमित्ताने साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालय उघडले. रामनवमीला आपल्याकडील तांडे पोहरादेवीला जातातच. आता जाणाऱ्यांना तेथे आपल्या समाजाचा इतिहास मांडलेलाही पाहायला मिळतो. संडूरच्या स्त्रिया जे आज करतात ते विक्रीसाठी, मापाच्या कापडावर, ठरावीक रंगांत. त्यात १८९० च्या कांचळीचा दाटपणा शोधणे अन्यायाचे आहे. ती बाई एकाच कपड्यासाठी वर्षे घालवीत होती, कारण तो कोणाला विकायचा नव्हता.

आपल्या या भागातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांत, कधी गहाणाच्या गाठोड्यात, असे तुकडे अजून निघतात. ज्यांच्याकडे निघतील त्यांना चार गोष्टी सुचवाव्यात. कापड धुऊ नये. आलाचा रंग एक वेळ टिकेल, पण किरमिजी धागा पाण्यात पसरतो आणि आरशामागचा शिशाचा मुलामा सुटतो. घडी घालून दाबून ठेवू नये, आरसे फुटतात. सुती कापडात सैल गुंडाळावे. नाणी काढून घेऊ नयेत. आणि जवळच्या तांड्यातील एखाद्या वृद्धेला घरी बोलावून ते दाखवावे. टाका चारणांचा की मथुरियांचा, पेटी कोणत्या बाजूने जोडली, कोणता तुकडा आधीचा, हे ती उलटी बाजू पाहून सांगते, आणि पुष्कळदा तांड्याचे नावही. ते नाव त्याच वेळी कागदावर लिहून गाठोड्यात ठेवावे.